चौकात टांगलेला पत्ता

आमच्या फर्मचं नाव मी इथे सांगणार नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही. गेली बावीस वर्षं ते भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्याच्या शटरवर ऑइलपेंटने लिहिलेलं आहे, ज्याला वाचायचं त्याने खुशाल वाचावं. पण नाव चारचौघांत मोठ्या तोंडाने सांगितलं की काय होतं ते मी एकदा भोगलंय. तेव्हा आता माझं नाव नाही, भागीदाराचं नाही आणि फर्मचं तर नाहीच नाही.

ते नाव पडलं कसं, तेवढं सांगतो. आम्ही दोघं एकाच कंपनीत कामाला होतो, तो लेथ चालवणारा टर्नर आणि मी स्टोअरमध्ये. कंपनी बंद पडली तेव्हा तिचंच एक जुनं लेथ मशीन दोघांत मिळून घेतलं आणि गाळा भाड्याने धरला. नाव काय द्यायचं यावर टपरीवर बसून अर्धा तास डोकं खाजवलं. मी म्हटलं देवाचं देऊ, तर तो म्हणाला कुठल्या, तुझ्या का माझ्या? तो मुसलमान, मी हिंदू, आणि धंद्याच्या पहिल्याच दिवशी दोघांनाही वाद नको होता. शेवटी माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि त्याच्या नावाची पहिली दोन, अशी चार अक्षरं जोडली आणि पुढे इंजिनिअरिंग लावलं. जोडून जे काही झालं त्याला मराठीत, हिंदीत, उर्दूत, कशातच अर्थ नाही. बँकेतल्या साहेबांनी तर हे जपानी कोलॅबोरेशन आहे का म्हणून विचारलं होतं. आम्ही नाही म्हणालो, पण जरा थांबून.

तो चाकणजवळच्या गावचा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. बोलणं अजून गावाकडचं, व्हय-न्हाईचं. मी परभणीहून आलेला. त्यामुळे आमच्यात बाहेरचा कोण हा प्रश्न निघालाच तर बाहेरचा मी असतो, आणि महिन्यातून एकदा तरी तो मला हे ऐकवतोच. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. मशीनचं सगळं त्याच्याकडे आणि बाहेरचं सगळं माझ्याकडे, म्हणजे ऑर्डर, बिलं, फोन, मेल. बावीस वर्षांत त्याने एक मेल लिहिला नाही आणि मी मशीनवर एक तुकडा कापला नाही. एकदा हौसेने कापायला गेलो होतो, पण तो विषय नको.

आता मूळ दुखणं सांगतो. गेल्या वर्षी त्याचे गुडघे गेले. डॉक्टरांनी उभं राहायचं काम बंद करा म्हणून सांगितलं, आणि लेथवर बसून काम करता येत नाही. एक स्टूल आणून दिलं, पण ते मनाच्या समाधानाला. गुढीपाडव्यापर्यंत रेटतो आणि मग घरी बसतो असं त्याने ठरवलं. त्याला दोन मुली, एक नाशिकला शाळेत शिकवते आणि दुसरीचं बारामतीला औषधांचं दुकान आहे. भोसरीत येऊन लोखंड कापायला त्यांना काही वेड लागलेलं नाही. म्हणजे तो गेला की त्याचं असं गाळ्यात काय राहणार, तर ती दोन अक्षरं. हे त्यानेच एकदा मशीनला ग्रीस भरता भरता हसत सांगितलं होतं. "माझी दोन अक्षरं तेवढी ऱ्हाऊ दे शटरवर. बाकी काय न्हाई मागत." मी म्हटलं, वेडा आहेस का, ती पुसायला कोण बसलंय? अगदी छातीठोक म्हटलं होतं.

त्याच सुमाराला चाकणची ती मोठी कंपनी आमच्याकडून थेट माल घ्यायला तयार झाली. आमचा माल म्हणजे बुश, गाडीच्या दाराच्या बिजागरीत बसतं ते छोटं लोखंडी नळकांडं. तोवर आम्ही ते मधल्या एका मोठ्या व्हेंडरला द्यायचो आणि तो स्वतःचं लेबल चिकटवून पुढे पाठवायचा. आता आमच्या नावाने जाणार म्हटल्यावर आम्ही दोघंही हवेत. कंपनीतून तपासणीची यादी आली. आग विझवायचं सिलिंडर, मोजमापाच्या साधनांचे दाखले, पिण्याचं पाणी, सगळं होतं. अडलो ते शेवटून तिसऱ्या ओळीला. फर्मचा स्वतःचा वेब पत्ता हवा आणि मेलही त्याच पत्त्यावरून यायला हवा.

मी वापरत होतो तो फुकटातला मेल. भाच्याने कॉलेजात असताना काढून दिलेला, त्यात माझ्या नावापुढे किंग आणि मग जन्मसाल. इतकी वर्षं त्याच्यावर लाखांच्या ऑर्डरी आल्या, कुणाचं काही अडलं नव्हतं. मी कंपनीत फोन लावून तणतणलो. व्हेंडर बघणाऱ्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की कुणीतरी असाच फुकटातला मेल काढून दुसऱ्या एका व्हेंडरच्या नावाने बँकखातं बदलून घेतलं होतं, म्हणून हा नियम. कारण अगदी रास्त होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला, कारण भांडायला जागाच उरली नाही.

बरं, वेब पत्ता घेणं म्हणजे काही दिव्य नव्हे. साइटवर जायचं, नाव टाकायचं, कुणी घेतलेलं नसलं की वर्षाची फी भरायची. गाळ्यातल्या सगळ्यांना वडापाव खाऊ घातले तर त्याहून जास्त बिल होतं. मी त्याच संध्याकाळी दहा मिनिटांत घेऊन टाकला असता. तसा घेतला असता तर हे लिहायची वेळच आली नसती. पण भागीदार म्हणाला, दसऱ्याला घेऊ.

"मशीन दसऱ्याला घ्येतलं, टेम्पो दसऱ्याला घ्येतला, आनि फर्मचा पत्ता असाच आडवारी घ्यायचा व्हय?"

मला ते शंभर टक्के पटलं. आमच्या एमआयडीसीत दसरा पंधरा दिवसांवर आला की माणूस साधं ड्रिल मशीनसुद्धा घेत नाही, थांबतो. आमच्याकडे खंडेनवमीची पूजा म्हणजे पाहण्यासारखी असते. झेंडूच्या माळा मी आणतो, आणि नारळ फोडायचा मान त्याचा, कारण माझा नारळ आजतागायत एका फटक्यात फुटलेला नाही. त्याच्या लेथला त्या दिवशी त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तर त्या पूजेनंतर दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, पत्ता घ्यायचा असं ठरलं. इथवरचा मूर्खपणा दोघांत निम्मा निम्मा.

पुढचा मात्र सगळा माझा. मी म्हटलं नुसता घ्यायचा कशाला, जरा दणका उडवून देऊ. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चौकात फ्लेक्स लावला. वर दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा, मध्ये आम्हा दोघांचे फोटो. फ्लेक्सवाल्याने स्वतःच्या मनाने भागीदाराच्या गळ्यात सोन्याची चेन घातली आणि माझं टक्कल थोडं भरून काढलं. आणि खाली, हातभर उंचीच्या लाल अक्षरांत, लवकरच येत आहे आणि पुढे तो पत्ता. स्पेलिंगसकट. अजून घेतलेला नसलेला, कुणाच्याही नावावर नसलेला, उघडा पडलेला पत्ता. दहा दिवस तो तिथे लटकत होता आणि मी रोज जाता-येता गाडी हळू करून त्याच्याकडे बघून खूश होत होतो.

दसऱ्याच्या सकाळी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. माउसलाही लावलं, तो नंतर दोन दिवस चिकटत होता. भागीदार नवा शर्ट घालून शेजारी बसला. मी नाव टाकलं, एंटर दाबलं. साइट म्हणाली, हे नाव उपलब्ध नाही.

मला वाटलं टाइप करताना चुकलं. परत टाकलं. परत तेच. मग तोच पत्ता थेट उघडून बघितला तर एक पांढरं फटफटीत पान आलं आणि त्यावर लिहिलेलं, हा पत्ता विक्रीस आहे. खाली बारीक अक्षरांत नोंदणीची तारीख होती. फ्लेक्स लागला त्याच्या तिसऱ्या दिवसाची. जगाच्या पाठीवर ज्या चार अक्षरांना काडीचा अर्थ नाही, ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं, ती कुणीतरी आमच्या मुहूर्ताच्या आठ दिवस आधी उचलली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भागीदार म्हणाला, चहा तरी पिऊ.

साइट भारी प्रेमळ असते. हे नाही मिळालं ना, मग हे घ्या, म्हणून तिने ढीगभर नावं काढून समोर ठेवली. आमच्या चार अक्षरांपुढे बेस्ट. आमच्या चार अक्षरांपुढे ऑनलाइन. मध्ये आडवी रेघ. मागे माय. शेवटी चोवीस, जणू आम्ही औषधाचं दुकान चालवतो. एकात तर पुढे पिझ्झा लावला होता, तो तिने कुठून काढला ते तिलाच ठाऊक. कंपनीतल्या मॅडमना मी फोन करून सांगायचं होतं की आमचा पत्ता अमुकतमुक बेस्ट चोवीस. शेपूट, म्हणजे पत्त्यातलं शेवटच्या टिंबापुढचं, बदलून बघितलं, भारतातलं वेगळं, जगातलं वेगळं. जी शेपटं लोकांना माहीत असतात ती सगळी त्याच महाभागाने घेऊन ठेवली होती. उरलेली अशी होती की फोनवर सांगितली तर समोरच्याला वाटावं मी खोकतोय.

मग मी चोर शोधायला निघालो. पहिला संशय फ्लेक्सवाल्यावर. त्याच्या दुकानात जाऊन तोंडाला येईल ते बोललो. तो बिचारा दुसऱ्याच कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कापत होता. त्याने कात्री बाजूला ठेवली आणि विचारलं, काका, तुम्ही चौकात लावला का तिजोरीत? मग माझ्याच फोनमध्ये मला दाखवलं की फ्लेक्सचा फोटो मीच व्हॉट्सअ‍ॅपच्या चौदा ग्रुपांवर टाकला होता. व्हेंडरांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, परभणीकरांचा ग्रुप, मॉर्निंग वॉकवाल्यांचा ग्रुप. एका ग्रुपवर तर मी सकाळ-संध्याकाळ दोनदा टाकला होता. फ्लेक्सवाल्याची माफी मागितली नाही, पण येताना दार हळू लावलं.

त्या विक्रीच्या पानावर बोली टाकायची एक चौकट होती. मी तिच्यात शुद्ध मराठीत चार शिव्या लिहिल्या. चौकटीने घेतल्या नाहीत, आकडाच पाहिजे म्हणाली. म्हणून एक रुपया आणि माझा फोन नंबर टाकला. तासाभरात फोन आला. पोरगेलासा आवाज, अतिशय सभ्य हिंदी, मधूनमधून इंग्रजी, सरशिवाय बात नाही. मी आवाज चढवला की तो आणखी सभ्य व्हायचा. त्याने जी किंमत सांगितली त्यात आम्हाला एक बरं सेकंड-हँड लेथ आलं असतं. मी त्याला विचारलं, बाबा रे, आम्ही काय बनवतो हे तरी तुला माहीत आहे का? तो म्हणाला, त्याची गरज पडत नाही सर. ही प्लॉटसारखी गुंतवणूक आहे, मी उगाच इमोशनल होतोय. मी फोन आपटला, म्हणजे आजकाल आपटता येत नाही, जोरात बोट दाबलं.

भागीदार हे सगळं ऐकत होता. त्याच्या घरची जमीन चाकणला कंपन्या आल्या तेव्हा गेलेली, प्लॉटच्या गोष्टी त्याला नव्या नाहीत. तो म्हणाला, आमच्या गावात जमिनी घ्यायला आले ते पण लुच्चेच, पण माणूस निदान समोर येऊन बसायचा, चहा प्यायचा, तोंड दाखवायचा. याला तर तोंडच न्हाई. आणि परत लेथकडे गेला.

एक वकील गाठला. ते म्हणाले, नाव ट्रेडमार्क केलेलं असतं तर दाद मागता आली असती, तरी महिने लागले असते. आमचं नाव फक्त शटरवर केलेलं. तपासणीला बारा दिवस उरले होते, आणि मॅडमचा दोनदा आठवणीचा फोन येऊन गेला होता.

अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. एका दुपारी गाळ्यात मशीनचा आवाज चालू होता आणि मी सहज, अगदी सहज, माझी दोन अक्षरं आणि पुढे इंजिनिअरिंग एवढंच टाकून बघितलं. हिरवी खूण आली. उपलब्ध. नुसतं उपलब्ध नाही, साइटने खाली शाबासकीही दिली की नाव आखूड आणि सुटसुटीत आहे. मी ते कार्टमध्ये टाकलं. पैसे भरायच्या पानापर्यंत गेलो आणि तिथे थांबलो, पण पान मिटलं नाही.

भागीदार चहाचे ग्लास घेऊन कधी मागे उभा राहिला, कळलं नाही. त्याने ग्लास ठेवले, खिशातून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि वाकून सावकाश वाचलं. मी म्हटलं, काही नाही रे, नुसतं बघत होतो.

"घे की," तो म्हणाला. "छोटं हाय. लोकांच्या ध्यानात ऱ्हाईल."

आणि आपला ग्लास घेऊन मशीनकडे गेला. चिडला नाही, काही नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी स्वतःची समजूत घालायला बसलो. मेलपुरताच तर आहे. शटर तेच राहणार. फर्म कागदोपत्री तीच. कोण बघतंय? पण मला सगळं दिसत होतं. आज मेल. मग तोच पत्ता बिलावर, मग लेबलवर, मग लोक त्याच नावाने हाक मारणार. आणि दोन-चार वर्षांनी शटर रंगवायला पेंटर आला की तो ब्रश हातात घेऊन विचारणार, काका, ही दुसरी दोन अक्षरं ठेवायची का? तेव्हा तो शेजारी नसेल. रात्री जेवताना बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि मला न विचारता ताट उचललं. माझी भाकरी अजून अर्धी होती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. थेरगावहून लोखंडाचे गज घेऊन एक टेम्पो यायचा होता, ड्रायव्हर नवा. त्याचा फोन आला की गाळा सापडत नाही. मी आधीच पेटलेला, त्यात फर्मचं नाव तीनदा ओरडून सांगितलं, तरी त्याच्या डोक्यात शिरेना. म्हटलं, आम्ही दोन भागीदार आहोत, टपरीवर विचार बाबा. पाच मिनिटांत टेम्पो दारात. ड्रायव्हर उतरून म्हणाला, तुम्ही सांगितलं ते नाव तिथे कुणालाच माहीत नाही. पण दोन माणसांचा धंदा आहे म्हटल्यावर टपरीवाला लगेच म्हणाला, हां, दोघांचा गाळा, आणि बोट दाखवलं.

दोघांचा गाळा. हे मला काही नवीन नव्हतं. आमच्या लायनीत बाकी सगळ्या गाळ्यांना एकेक मालक, म्हणून ते त्या त्या शेठच्या नावाने ओळखले जातात. आम्हाला दोघांना टपरीवर एकत्र चहा पिताना आणि एकत्र भांडताना बघून लोकांनी हे नाव केव्हाच पाडलेलं. वेल्डर तेच म्हणतो, वॉचमन तेच म्हणतो, लाइट बिल टाकणारा तेच म्हणतो. पण ते लोकांचं नाव, आपलं नव्हे, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी गज उतरवायला लावले आणि आत आलो. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. न जाणो, भिंतीला कान. खुर्चीवर बसलो आणि टाइप केलं. सगळं मोकळं. या शेपटाचं मोकळं, त्या शेपटाचं मोकळं. पृथ्वीतलावर कुणालाही दोघांचा गाळा नको होता. भागीदाराला तोंडाने हाक न मारता हाताने बोलावलं. तो हात पुसत आला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत वाचू लागला. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे मान वळवली.

"आनि मी घरी बसल्यावर?"

"तरी दोघांचाच," मी म्हटलं.

त्याने नाक ओढलं, मशीनवर सोडतात त्या कूलंटच्या वासाने त्याला सर्दी होतेच. मग अगदी गंभीरपणे विचारलं, मुहूर्त कवाचा? मी त्याच्याकडे जे काही पाहिलं असेल त्याने तो हसत हसत स्टुलावरच बसला. भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे तेव्हा ऐन राहुकाळ चालू होता. कार्टमधली आधीची ओळ मी बाजूला केली, नवी ठेवली, पैसे भरले. चार मिनिटं लागली. चौदापैकी एकाही ग्रुपवर काही टाकलं नाही.

मॅडमना कळवलं. फर्मचं नाव वेगळं आणि पत्ता वेगळा कसा, असं त्यांनी विचारलं, मग दोघांच्या सहीचं पत्र द्या म्हणाल्या. दिलं. फोन ठेवता ठेवता त्यांनी तो पत्ता एकदा मोठ्याने वाचला आणि हसल्या. त्या नागपूरकडच्या, त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. तपासणी झाली, किरकोळ दोन गोष्टी निघाल्या, त्या केल्या, आणि महिन्याभरात आमच्या चार अक्षरांचं लेबल लावलेली पहिली पेटी चाकणला गेली. त्या सभ्य पोराचा मध्ये परत फोन आला. किंमत निम्म्यावर आली होती. मी त्याला तितक्याच सभ्यपणे सांगितलं की आम्हाला नको, तूच सांभाळ, आणि दरवर्षीची फी वेळेवर भरत जा. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्या पत्त्याबरोबर दोन मेल मिळाले होते. एक माझ्या नावाचा केला. दुसरा ऑफिस म्हणून ठेवावा असं वाटत होतं, पण बायको म्हणाली, दोघांचा आहे ना? म्हणून दुसरा भागीदाराच्या नावाने केला. आयुष्यातला त्याचा पहिला मेल. त्याच्या फोनवर चालू करून दिला, कुठे दाबायचं ते दाखवलं. तो म्हणाला, कुणाला पाठवू? मी म्हटलं, मलाच पाठव, बघू जातो का.

तो स्टुलावर बसला, फोन लांब धरला आणि एका बोटाने टाइप करायला लागला. पंधरा मिनिटं सहज गेली असतील. मला वाटलं सलाम लिहीत असेल, नाहीतर मॅडमला कळवायचं काहीतरी. मी बिलं काढत बसलो. मग माझ्या कॉम्प्युटरवर टिंग झालं. वर नाव नाही, खाली नाव नाही, नुसती एक ओळ.

"ते नंतरसाठी ठेवलंयस ते काढून टाक."

मी विसरलो नव्हतो. त्या मंगळवारी कार्टमध्ये दोन ओळी होत्या, वर माझी आणि खाली दोघांची. वरच्या ओळीपुढे दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं काढून टाका, दुसऱ्यावर नंतरसाठी ठेवा. मी दुसरं दाबलं. तो शेजारीच स्टुलावर बसला होता, चष्मा नाकावर होता, आणि मी धरून चाललो की याला त्यातलं काय कळतंय. लोखंडातला केसभर फरक नुसतं बोट फिरवून सांगणारा माणूस. का ठेवलं होतं म्हणाल, तर वेळ पडली तर असावं म्हणून. म्हणजे तो नसेल तेव्हा. हे लिहायची लाज वाटते, पण खरं तेच आहे. आणि हे कळूनही तो इतके दिवस माझ्याबरोबर चहा पीत होता.

मी साइट उघडली आणि काढून टाका दाबलं. नक्की का, असं तिने विचारलं. हो म्हटलं. मग त्याला उत्तर लिहायला बसलो. बावीस वर्षं दहा फुटांवर असलेल्या माणसाला कधी काही लिहायची वेळच आली नव्हती, त्यामुळे सुरुवात कशी करतात तेच सुचेना. माफ कर असं लिहिलं, ते खोडलं. चुकलो लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नुसतं 'काढलं' एवढं लिहून पाठवलं. पलीकडे त्याच्या खिशात टिंग झालं. त्याने फोन लांब धरून वाचलं, परत खिशात ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि मशीन चालू केलं.